मेंदूतली गाठ आणि घाईचे इंजेक्शन

वाचकहो, या सदरातून आपण आजवर हिवताप, सिकलसेल, सर्पदंश, बालकांचे कुपोषण अशा आपल्या भागातील नेहमीच्या दुखण्यांविषयी बोलत आलो. आजचा आजार नेहमीचा नाही. लोणखेड्यात किंवा शेजारच्या शहाद्यात वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरलाही तो एखाद-दुसऱ्या वेळीच दिसतो. त्याचे नाव मेंदूचा लिंफोमा. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते, अशा माणसांच्या मेंदूत होणारा हा एक कर्करोग. मग इतक्या दुर्मिळ आजारावर जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची जागा कशाला खर्च करायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी देतो. आधी एका रुग्णाची हकिगत ऐका. त्याचे नाव-गाव सांगत नाही आणि कोणी शोधूही नये.

एक हकिगत

काही वर्षांपूर्वी होळीच्या आदल्या आठवड्यात एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. माणूस चाळिशीच्या आतबाहेरचा. दिवाळीनंतर दोघे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले होते. तिथे त्याचे डोके दुखू लागले. मग उजव्या हातातून कोयता निसटू लागला. पुढे पुढे तो विसरभोळा झाला, मुलाला भावाच्या नावाने हाक मारू लागला. पालावरच्या लोकांनी आधी थकवा म्हटले, मग बाहेरचे काही लागले असे म्हटले. शेवटी जवळच्या एका ठिकाणी त्याला रोज एक इंजेक्शन, असे आठ दिवस दिले.

त्या इंजेक्शनांनी जादू केली. डोके थांबले, हात वर जाऊ लागला, भूक वाढली. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. इंजेक्शने बंद झाली आणि दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा कोसळला. या वेळी झटके आले आणि एक बाजू गेली. बाई मला विचारत होती, "डॉक्टरसाहेब, आते काय करानं?"

मी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे एचआयव्हीची तपासणी प्रथमच झाली आणि ती सकारात्मक आली. रक्तातील सीडी-४ पेशी, ज्या निरोगी माणसात साधारण पाचशे ते पंधराशे असतात, त्या पन्नासच्याही खाली गेल्या होत्या. मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली. आधी टॉक्सोप्लाझ्माची औषधे देऊन पाहिली, गुण आला नाही. मग गाठीचा तुकडा काढून तपासला, तर त्यात स्पष्ट काही निघेना. पूर्वी घेतलेल्या स्टिरॉइडमुळे गाठीतल्या पेशी मरून गेल्या होत्या आणि तपासणाऱ्याच्या हाती नुसता राडा आला होता. पुन्हा वाट पाहणे, पुन्हा तुकडा काढणे आले. लिंफोमा असे निदान हाती आले तेव्हा उपचार सोसण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

तो वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. आजार मुळातच भयंकर आहे. परंतु जे आठवडे वाया गेले ते आजाराने घेतले नव्हते, ते आपण घालवले होते.

ही गाठ होते कशी?

आपल्या रक्तात व लसिका ग्रंथींत पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या बी-पेशी बेबंद वाढू लागल्या की जो कर्करोग होतो त्याला लिंफोमा म्हणतात. बहुधा तो मानेत, काखेत, जांघेत गाठीच्या रूपाने दिसतो. परंतु कधी कधी तो थेट मेंदूतच सुरू होतो आणि बाकी शरीरात कुठेच सापडत नाही. प्रतिकारशक्ती धड असलेल्या, विशेषतः उतारवयातील माणसांनाही तो क्वचित होतो. मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे त्यांच्यात तो कितीतरी पटींनी अधिक होतो आणि त्यामागे बहुतेक वेळा एक विषाणू असतो.

या विषाणूचा शोध कसा लागला ते मोठे मनोरंजक आहे. डेनिस बर्किट नावाचा आयरिश शल्यविशारद आफ्रिकेत युगांडा देशात नोकरीला होता. १९५७-५८ च्या सुमारास त्याने पाहिले की तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठी येतात. १९६१ साली लंडनमध्ये त्याने त्यावर व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे संशोधक होते. त्यांनी त्या गाठींचे नमुने आफ्रिकेतून विमानाने मागवले आणि १९६४ साली बर्ट अकाँग व इव्हॉन बार या सहकाऱ्यांसह त्यात एक नवा विषाणू शोधून काढला. तोच एपस्टाइन-बार विषाणू.

हा विषाणू परका नाही. जगातील दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेतून तो पसरतो आणि आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. एकदा शिरला की जन्मभर बी-पेशींत दडून राहतो, पण त्रास देत नाही. कारण शरीरातील टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवून असतात. आपल्या केळीच्या बागेत जागल्या असतो ना, तसेच हे. जागल्या जागा आहे तोवर चोर बांधावर बसून राहतो. जागल्या आजारी पडला की बाग त्याचीच. एचआयव्ही नेमका या जागल्यालाच मारतो. आणि मेंदू ही अशी जागा आहे की तिथे जागल्याची फेरी मुळातच कमी. म्हणून सीडी-४ पेशी पन्नासच्या खाली गेल्या की हा कर्करोग मेंदूत डोके वर काढतो. एड्सच्या रुग्णांतील मेंदूच्या लिंफोमात हा विषाणू जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतो.

केवळ एड्स नव्हे

हा आजार एड्सबरोबर आला असे मात्र समजू नका. अमेरिकेत १९६० च्या दशकात मूत्रपिंड रोपणाच्या शस्त्रक्रिया वाढल्या. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागत. त्या दशकाच्या अखेरीस इस्रायल पेन, टॉमस स्टार्झल आदी डॉक्टरांनी अशा रुग्णांत लिंफोमा होत असल्याचे नोंदवले आणि त्यांतले बरेच मेंदूत होते. आपल्या देशात मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरला झाले. आज तर जिल्ह्या-जिल्ह्यांत रोपण झालेली माणसे आहेत. त्यांनी घाबरून औषधे बंद करायची नाहीत, तसे केल्यास मिळालेले मूत्रपिंड हातचे जाईल. परंतु नवी डोकेदुखी, विसराळूपणा, झटका असे काही झाले तर 'वयामुळे होत असेल' म्हणून न थांबता रोपण करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

आणखी एक वर्ग आहे, ज्याची मोजदाद कोणी करत नाही. सांधेदुखी, दमा, अंगदुखी, अशक्तपणा यासाठी महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे. कागदाच्या पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या आपल्या बाजारगावांतून अजून दिसतात. त्यांनी अंग हलके होते, तोंड गोल व गुबगुबीत होते, लोक म्हणतात तब्येत सुधारली. आतून प्रतिकारशक्ती पोखरली जाते. अशा सगळ्यांना लिंफोमाच होईल असे नाही. पण क्षय, बुरशीचे आजार, मधुमेह यांना हे उघड आमंत्रण आहे.

गाठ दिसली म्हणजे संपले?

नाही! आणि ही गोष्ट मला सर्वांत ठासून सांगायची आहे.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या मेंदूत गाठ दिसली की घरचे लोक 'कॅन्सर' हा शब्द ऐकतात आणि गाडी करून त्याला घरी आणतात. वस्तुस्थिती अशी की आपल्या देशात अशा रुग्णांच्या मेंदूतली गाठ लिंफोमाची असण्यापेक्षा टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची किंवा क्षयाची असण्याचा संभव कितीतरी जास्त असतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेत एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंची जी शवविच्छेदने झाली, त्यांतही क्षय, टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकोकस ही बुरशी यांचेच प्राबल्य दिसले. लिंफोमा क्वचितच दिसला. टॉक्सोप्लाझ्मा औषधांनी बरा होतो. मेंदूतला क्षयही बरा होतो, फक्त औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात.

म्हणूनच डॉक्टर आधी टॉक्सोप्लाझ्मावर दहा ते चौदा दिवस औषध देऊन पाहतात. गुण आला तर प्रश्न सुटला. नाही आला, तर पाठीतले पाणी काढून त्यात एपस्टाइन-बार विषाणूचा अंश शोधणे किंवा गाठीचा तुकडा काढून तपासणे, हे पुढचे पाऊल. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो खोटा आहे. मोठ्या गाठीमुळे डोक्यात दाब वाढला असेल तर डॉक्टर स्वतःच ती तपासणी टाळतात. जिथे ते करा म्हणतात तिथे घरच्यांनी अडवू नये.

लिंफोमाच निघाला तरी आज हात टेकण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात व १९९० च्या पूर्वार्धात असे निदान झालेला एड्सचा रुग्ण दोन-चार महिन्यांपलीकडे क्वचित जगत असे. मेंदूला किरण दिले तरी मरण फार लांबत नसे. १९९६ च्या सुमारास एचआयव्हीवर तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि चित्र पालटले. एक तर हा आजार होण्याचेच प्रमाण खूप घटले. दुसरे म्हणजे, ज्यांना झाला त्यांना मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत, जोडीला रिटुक्सिमॅब व एचआयव्हीच्या गोळ्या असे दिल्यावर काही रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. मेंदूभोवतीचा अडसर बहुतेक औषधे आत जाऊ देत नाही, म्हणून मात्रा मोठी लागते आणि त्यासाठी रुग्णालयात भरती होणे भाग असते. हे उपचार तालुक्याच्या ठिकाणी होणारे नव्हेत. १९४१ पासून परळला असलेले टाटा रुग्णालय आणि राज्यातील अन्य कर्करोग रुग्णालये यांकडेच जावे लागते. खर्चाची चिंता रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. निघण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून, शिधापत्रिका व आधार घेऊन जावे.

घाईचे इंजेक्शन

आता माझ्या तक्रारीकडे येतो आणि ती माझ्याच व्यवसायबंधूंविरुद्ध आहे.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड स्वस्त आहे, जागोजागी मिळते आणि ताप, दमा, अंगदुखी, डोकेदुखी अशा कशालाही तात्पुरते झाकून टाकते. लिंफोमाच्या पेशी स्टिरॉइडने झपाट्याने मरतात. गाठ लहान होते, कधी कधी स्कॅनमधून दिसेनाशीही होते. रुग्णाला वाटते बरे झाले. परंतु मुळे तशीच असतात. काही आठवड्यांत गाठ परत येते आणि मधल्या काळात तुकडा तपासला तर निदान हुकते. वर सांगितलेल्या रुग्णाचे हेच झाले.

स्टिरॉइड वाईट औषध आहे असे माझे म्हणणे नाही. मेंदूच्या क्षयात ते क्षयाच्या औषधांच्या जोडीने द्यावेच लागते. मेंदूला जीवघेणी सूज असेल तर निदानाची वाट न पाहता ते द्यावे लागते आणि त्याने प्राण वाचतात. पण तो निर्णय स्कॅन पाहून, रुग्णालयात बसून घ्यायचा असतो. डोके दुखते व हात चालत नाही एवढ्यावरून टपरीवजा दवाखान्यात घ्यायचा नव्हे. आमच्यापैकी काहींचे उत्तर ठरलेले असते, "आम्ही इंजेक्शन दिले नाही तर रुग्ण शेजारच्याकडे जातो." हे खरे आहे. रुग्णही सुईशिवाय उठत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझी एक साधी मागणी आहे. जे इंजेक्शन दिले त्याचे नाव, मात्रा व तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. त्या चिठ्ठीमुळे पुढच्या डॉक्टरला कळेल की या गाठीचे चित्र स्टिरॉइडने बदलले असू शकते. कागदाच्या एका चिठोऱ्याने रुग्णाचे काही आठवडे वाचतील.

आणि वाचकांनो, तुम्हीही विचारा. "हे स्टिरॉइड आहे का?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. ज्याला राग येईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

खरी लढाई कुठे आहे?

मेंदूचा लिंफोमा हा एका लांब रस्त्याचा शेवटचा मुक्काम आहे. त्याआधी परतण्याचे अनेक फाटे लागतात आणि ते सगळे स्वस्त आहेत.

पहिला फाटा तपासणीचा. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निष्कर्ष गुप्त ठेवावा लागतो आणि कामावर, शाळेत वा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. माझे मत असे की प्रौढ माणसाला प्रथमच झटका आला, एक बाजू गेली, वजन उतरत चालले किंवा क्षयाचे निदान झाले, तर प्रत्येक डॉक्टरने ही तपासणी समजावून सांगून सुचवलीच पाहिजे. 'हा घरंदाज दिसतो, याला कसे विचारायचे' हा संकोच प्राण घेतो.

दुसरा फाटा गोळ्यांचा. भारतात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीच्या गोळ्या मोफत देणे १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्याआधी २००१ साली मुंबईच्याच सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एक डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केला आणि जगभरच्या किमती खाली आल्या. आज बहुतेक रुग्णांना दिवसातून एकच गोळी पुरते. २०१७ पासून सीडी-४ किती आहेत याची वाट न पाहता निदान होताच गोळ्या सुरू करतात. गोळी चुकली नाही तर जागल्या पुन्हा उभा राहतो आणि हा कर्करोग जवळही येत नाही. सीडी-४ फार कमी असताना जोडीला कोट्रायमॉक्साझोलची साधी गोळी दिली जाते. ती टॉक्सोप्लाझ्मापासूनही राखण करते.

तिसरा फाटा आपल्या भागाचा खास आहे. शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे कामासाठी गुजरातेत उतरतात. गोळ्या सुटतात त्या याच काळात. केंद्र इथे आणि माणूस तिथे. पालावर सगळ्यांसमोर गोळी कशी घ्यायची, हीही एक अडचण. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात जाऊन, किती दिवस बाहेर राहणार ते सांगावे. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम अधिक दिवसांच्या गोळ्या देता येतात आणि कार्ड दाखवल्यावर परगावच्या केंद्रातही औषध मिळू शकते. शंका असल्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. आरोग्य खात्याला माझी विनंती अशी की दिवाळीनंतर ज्या गाड्या भरून निघतात, त्या निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात गावोगावी ही आठवण करून दिली जावी. लसीकरणासाठी दारोदार जाता येते, तर यासाठीही जाता येईल. मात्र कोणाचे नाव उघड होणार नाही, ही काळजी घेऊन.

तेव्हा, सुरुवातीचा प्रश्न

एवढ्या दुर्मिळ आजारावर का लिहिले? कारण तो दुर्मिळ असला तरी त्याच्याकडे नेणाऱ्या चुका रोजच्या आहेत. तपासणीची लाज, निदानाआधीची सुई आणि मध्येच सोडलेली गोळी. याच तीन चुकांनी आपल्याकडे मेंदूच्या क्षयाचे, टॉक्सोप्लाझ्माचे, मेनिंजायटिसचे रुग्णही जातात आणि ते तर बरे होण्यासारखे असतात. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, पुढे आणखी यंत्रे येतील. त्यांचे स्वागत आहे. पण सर्वांत मोठे यंत्रही या तीन चुका भरून काढू शकत नाही.

लक्षात ठेवायची लक्षणे थोडी आहेत. दिवसांमागून दिवस वाढत जाणारी डोकेदुखी, वागण्यात व स्मरणात बदल, बोलण्यात अडखळणे, एका बाजूची कमजोरी, नजरेत फरक, प्रौढपणी आलेला पहिला झटका. यांपैकी काही दिसले तर भगताकडे जायचे असेल तर जा, कोणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण आधी सरकारी रुग्णालयाची पायरी चढा.

त्या बाईचे काय झाले, हे सांगायचे राहिले. नवऱ्याच्या दिवसकार्यानंतर ती तपासणीला आली. तिलाही लागण होती. त्याच आठवड्यात तिच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलाची तपासणी केली, तो सुटला. आज ती शहाद्याकडच्या पपईच्या बागांत मजुरी करते आणि दिवाळीनंतर अजूनही टोळीबरोबर तोडीला जाते. जाण्यापूर्वी केंद्रातून गोळ्या आणते आणि वाटेत दवाखान्यात डोकावून डबी दाखवते. मागे मी तिला विचारले, पालावर कोणी विचारले तर काय सांगतेस? ती म्हणाली, "शक्तीनी गोळी शे."

खोटे काय आहे त्यात?